शॉकअप आणि स्प्रिंगा नव्या, तरी गाडी खडखडते : दारव्हा तालुक्यातील एका गॅरेजच्या कामाविषयी

दारव्ह्याहून कारंजा लाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कडुनिंबाच्या सावलीत पत्र्याचे छप्पर घातलेले एक गॅरेज आहे. त्यावर फलक नाही आणि मालकांना आपल्या नावाची प्रसिद्धीही नको आहे, म्हणून येथे नाव देत नाही. परंतु आमच्या मारुतीच्या सात आसनी एर्टिगाच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या जोडणीचे, बिघडलेले काम त्यांनी ज्या पद्धतीने निस्तरले, ती पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे. बाजारातून शॉकअप आणि स्प्रिंगा विकत घेऊन बसवणाऱ्या आपल्या भागातील प्रत्येक गाडीमालकाला तिचा उपयोग होईल, अशी माझी खात्री आहे. माझे मत आधीच सांगतो : काम उत्तम, बोलणे स्पष्ट, वेळ मात्र भरपूर लागतो आणि व्हील अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्यासाठी, यवतमाळला जावे लागते.

गाडी पहिल्या पिढीची, डिझेलची आहे. ही पिढी २०१२ मध्ये आली आणि २०१८ मध्ये तिची जागा दुसऱ्या पिढीने घेतली. सुटे भाग घेताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, त्याविषयी पुढे लिहीन. गाडी घरची असली तरी तिचे आयुष्य सोपे नाही. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण आहे आणि डांबरी रस्ताही काळ्या मातीवरून जातो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता कितीही चांगला बांधला तरी दोन-तीन वर्षांत जागोजागी खचतो किंवा उचलला जातो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या अशा रस्त्यावर वेगात असलेल्या गाडीचे सस्पेन्शन सतत पूर्ण दबते आणि पूर्ण उघडते. मोठ्या शहरात जे शॉकअप वर्षानुवर्षे चालतात, ते आमच्याकडे लवकर थकतात, यात नवल नाही.

मूळ शॉकअप असेच थकल्यावर पुढचे दोन स्ट्रट (पुढच्या चाकांचे शॉकअप), मागचे दोन शॉकअप आणि मागच्या दोन ‘हेवी’ स्प्रिंगा असा संच घेऊन शहरातील एका दुकानातून बसवून घेतला होता. त्यानंतर गाडी सुधारण्याऐवजी चार नव्या तक्रारी सुरू झाल्या. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की पुढून ‘टण्’ असा तार तुटल्यासारखा आवाज येई. लहान खड्ड्यातून जाताना डावीकडे ‘खट्’ होई. रिकामी गाडी गतिरोधकावरून गेली की मागचा भाग उसळून पुन्हा पुन्हा हले, आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढली जाई. दुकानदाराचे उत्तर एकच होते : सामान नवे आहे, चालवा, सेट होईल. या उत्तराला माझा ठाम आक्षेप आहे. नवी स्प्रिंग सुरुवातीच्या काळात काही मिलिमीटर बसते हे खरे. परंतु धातूवर धातू आपटण्याचा किंवा स्प्रिंग सरकण्याचा आवाज चालवून जात नाही, उलट त्या जागेची झीज वाढत जाते.

दारव्ह्याच्या गॅरेजमध्ये गेल्यावर पहिली चांगली गोष्ट ही घडली की कोणीही लगेच पान्हा हातात घेतला नाही. मिस्त्रींनी सांगितले, “काका, आवाज कुठून येते ते आंधी पाहू, खोलाचं मंग.” त्यांनी स्वतः गाडी चालवली, मी शेजारी बसलो आणि त्यांचा मदतनीस मुलगा मागच्या आसनावर कान देऊन बसला. परत आल्यावर सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजली आणि खडूने फरशीवर लिहून ठेवली. टायरमधील हवा सारखी करून मगच ही मोजणी केली, कारण हवा कमी-जास्त असेल तर गाडीची उभी राहण्याची उंची आणि ओढ या दोन्हींविषयी चुकीचा अंदाज येतो. पुढची दोन्ही चाके उंचीला सारखी निघाली, मागचा भाग मात्र पुढच्या मानाने स्पष्टपणे वर होता.

त्यानंतरची तपासणी मला फार आवडली. इंजिन चालू ठेवून मुलाला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगितले आणि मिस्त्रींनी चाकामागे हात घालून स्प्रिंगच्या वेटोळ्यावर तळवा ठेवला. मलाही तसे करून पाहायला लावले. स्टिअरिंग फिरू लागले की स्प्रिंग आधी थोडी पिळली जात होती, तिच्यात ताण साठत होता, आणि मग एकदम झटक्याने ती मोकळी होत होती. तो झटका हाताला जाणवला त्याच क्षणी ‘टण्’ ऐकू आले. महागडे यंत्र न वापरता दोषाची नेमकी जागा सापडली.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. एर्टिगाच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग हे एकच जोडकाम असते आणि स्टिअरिंग फिरवले की ते अख्खे स्वतःभोवती फिरते. वरचे टोक गाडीच्या अंगाला रबरी माउंटिंगने जोडलेले असते आणि त्या माउंटिंगखाली एक चपटे बेअरिंग असते, ज्यामुळे स्प्रिंग चाकाबरोबर मोकळेपणाने फिरू शकते. हे बेअरिंग धुळीने किंवा गंजाने जाम झाले की खालचा भाग फिरतो, वरचा फिरत नाही, आणि मधली स्प्रिंग पिळली जाते. आमच्या गाडीत नव्या स्ट्रटवर जुनेच माउंटिंग आणि जुनेच बेअरिंग चढवले होते. उघडल्यावर बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी काळ्या मातीचा घट्ट झालेला लगदा होता आणि ते बोटाने फिरवताना अडखळत होते. शिवाय उजव्या बाजूला स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीच्या पायरीला टेकलेले नव्हते. स्ट्रटच्या खालच्या वाटीत एक खाच किंवा पायरी केलेली असते आणि तारेचे टोक तिथेच जाऊन टेकायला हवे. ते दोन बोटे पुढे राहिले की स्प्रिंग किंचित तिरपी बसते, एका बाजूला जास्त दाब देते आणि वजन पडले की सरकते. बसवताना हे डोळ्यांनी पाहायला एक क्षण पुरतो, राहून गेले तर सगळे जोडकाम पुन्हा उतरवावे लागते.

स्ट्रट उतरवण्याचे काम ज्या काळजीने झाले, त्याबद्दल मी या गॅरेजला सर्वाधिक गुण देईन. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा हात मोडण्याइतकी किंवा त्याहूनही घातक शक्ती साठलेली असते. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर लावून, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्याथोड्या आवळून, वाटीवरचा स्प्रिंगचा दाब पूर्ण गेल्याची खात्री करूनच त्यांनी मधला नट सोडला. त्या वेळी स्ट्रटच्या टोकासमोर कोणालाही उभे राहू दिले नाही. दोरी किंवा साखळी बांधून स्प्रिंग सोडणारे लोक मी आपल्या भागात पाहिले आहेत. असे काम कितीही स्वस्तात होत असले तरी कोणीही करून घेऊ नये.

मधल्या नटाविषयी आणखी एक गोष्ट. तो सोडताना किंवा आवळताना शॉकअपचा चकचकीत दांडा नटाबरोबर फिरू लागतो. त्याला धरण्यासाठी दांड्याच्या टोकाला षट्कोनी खाच किंवा चपटा भाग दिलेला असतो. ॲलन की घालून दांडा स्थिर धरायचा आणि रिंग पान्ह्याने नट फिरवायचा, एवढे साधे काम आहे. आमच्या डाव्या स्ट्रटवर आधीच्या कारागिराने त्याऐवजी पकडीने थेट दांडाच धरला होता. दांड्यावरचा धूळ अडवणारा रबरी बूट वर सरकवल्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसले आणि त्या खाली तेलाचा ओला पट्टा होता. हा दांडा दर खड्ड्याला तेलाच्या सीलमधून वर-खाली जात असतो. त्यावरचा नखाला लागणारा ओरखडा सीलची कड कापतो, तेल बाहेर येते आणि शॉकअप संपतो. सीलजवळ तेलाचा पुसट ओलावा दिसणे नेहमीच धोक्याचे नसते, पण ओघळ आला असेल आणि त्यावर धूळ चिकटून थर झाला असेल, तर तो शॉकअप गेला असे समजावे. नवा कोरा स्ट्रट अशा तऱ्हेने वाया गेल्याचे मला मनापासून वाईट वाटले. बनवणाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

बदली म्हणून मी गॅब्रिएलचा स्ट्रट आणला. उरलेले शॉकअपही त्याच कंपनीचे होते आणि १९६१ पासून भारतात शॉकअप बनवणाऱ्या या कंपनीचा माल यवतमाळमध्ये सहज मिळतो. एका बाजूचा शॉकअप गेला तर दोन्ही बदलावेत हा नियम योग्यच आहे, कारण एक ताजा आणि एक थकलेला असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला झुकते. मात्र उजवा स्ट्रट जवळपास नवाच होता आणि दोन्ही एकाच भाग क्रमांकाचे होते, म्हणून एकच बदलला. ग्राहकाच्या खिशातून अनावश्यक दुसरा स्ट्रट काढण्याचा मोह त्यांनी टाळला, याची नोंद घ्यायला हवी.

नवा स्ट्रट डब्यातून काढल्यावर तो उभा धरून, दांडा पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून, असे काही वेळा केले. बहुतेक मोटारींचे शॉकअप दुहेरी नळीचे असतात. ते दुकानात आडवे पडलेले असताना आतल्या नळीत वायूचे बुडबुडे शिरतात. उभे धरून हात मारल्याशिवाय बसवले, तर सुरुवातीला मधेच पोकळ लागतात आणि ‘माल खराब आहे’ असा गैरसमज होतो. पहिल्या दोन-तीन वेळा दांडा खरोखरच मधे हलका लागला आणि मग दोन्ही दिशांना सारखा जड झाला. नवे माउंटिंग, नवे बेअरिंग, नवा बूट आणि नवा बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबल्यावर आपटू न देणारा ठोकळा) हे मी वेगळे विकत आणले होते, कारण स्ट्रटच्या डब्यात ते बहुधा नसतात. जुना फाटका बूट तसाच वापरणे ही फार महागात पडणारी काटकसर आहे. आमच्याकडची पांदणीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती दांड्यावर बसली की सीलला कानस लागल्याप्रमाणे घासते.

डावीकडच्या ‘खट्’ आवाजाचे मूळ मात्र स्ट्रटमध्ये नव्हते. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा, म्हणजे स्टॅबिलायझरचा, लिंक रॉड (जोडदांडा) स्ट्रटवरच्या कंसाला जिथे जोडतात, तेथील नट वरवर घट्ट लागत होता, पण आवळताना मधला बॉल-पिनच नटाबरोबर फिरल्यामुळे तो पूर्ण बसलेला नव्हता. येथेही पिनच्या टोकाला ॲलन की लावून धरावे लागते. मिस्त्रींनी दोन्ही पुढची चाके सारख्या उंचीवर घेऊन मगच हे नट आवळले. एक चाक लटकलेले आणि दुसरे जमिनीवर असेल तर स्टॅबिलायझर पिळलेला राहतो आणि लिंक रॉड ओढून बसवावा लागतो. त्याच बाजूला ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर धरणारी क्लिप लावायची राहून गेली होती आणि वायर टायरच्या आतल्या बाजूच्या अगदी जवळ लोंबत होती. हे आम्हाला कळलेच नव्हते, कारण त्याचा आवाज येत नव्हता. ब्रेकची नळी टायरला घासून फुटली असती तर काय झाले असते, ते वेगळे सांगायला नको. कोणाकडूनही स्ट्रटचे काम करून घेतल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ही नळी आणि वायर टायरपासून लांब आहेत ना, एवढे प्रत्येकाने स्वतः वाकून पाहावे.

आता मागच्या बाजूकडे वळतो, कारण खरा प्रश्न तेथेच होता. मागे आडवा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी तुळई, आहे. स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असल्याने काम पुढच्यापेक्षा सोपे आहे, मात्र निवड चुकण्याची शक्यता जास्त आहे. भरलेल्या गाडीचा मागचा भाग खाली बसतो म्हणून ‘हेवी’ स्प्रिंग टाकावी, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. मिस्त्रींनी जुनी मूळ स्प्रिंग मागवली, ती सुदैवाने मी घरी ठेवली होती. व्हर्नियरने दोन्हींची तार मोजली तर नवी तार सुमारे एक मिलिमीटरने जाड निघाली आणि मोकळी उंचीही जास्त होती. एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु वेटोळ्याच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्यांची संख्या आणि व्यास तेच ठेवून १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक कडक होते. इतकी कडक स्प्रिंग दबल्यावर तितक्याच जोराने परत उसळते आणि तिला आवरण्याचे काम मूळ स्प्रिंगसाठी बनवलेल्या शॉकअपवर येऊन पडते. त्याला ते झेपत नाही, म्हणून रिकामी गाडी गतिरोधकानंतर हलत राहते. दुसरे असे की उंच स्प्रिंगमुळे गाडी उभी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरले की त्याची लांबी संपते आणि तो आतून आपटतो.

त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो विक्रेत्याने कधीच विचारला नव्हता : गाडीत सातही माणसे आणि सामान असे किती वेळा असते? लग्नसराई, पोळा-दिवाळी आणि कधी नागपूरचा दवाखाना सोडला तर गाडीत दोन-तीन माणसेच असतात. मग वर्षभर रिकाम्या गाडीला दणके देण्यापेक्षा मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा टाकाव्यात आणि भार असेल तेव्हा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेल्या पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे टायरमध्ये हवा भरावी, असा त्यांचा सल्ला होता. मी तो मानला. ज्यांची गाडी रोज भरलेलीच धावते त्यांनी कडक स्प्रिंग जरूर घ्यावी, पण तिच्या जोडीचा शॉकअपही घ्यावा. वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी बफर ज्यांना कोणी सुचवेल, त्यांच्यासाठी माझे स्पष्ट मत आहे की तो उपाय टाळावा. बफर जेथे बसतो तेथील वेटोळे कामच करत नाही, उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो आणि शॉकअप तोच राहतो. गाडीची उंची फार वाढवणाऱ्या संचांविषयी एवढेच सांगतो की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाचे मूळ स्वरूप बदलेल असे फेरफार करता येत नाहीत. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असा बदल आड येऊ शकतो.

मागच्या स्प्रिंगा बदलताना बीम खाली येतो आणि त्याबरोबर ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकच्या केबलही ताणल्या जातात. येथे बीमखाली जॅक ठेवून तो हळूहळू उतरवला, गाडी दोन्ही बाजूंनी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी होती आणि जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली शिरले नाही. स्प्रिंगच्या वर-खालच्या रबरी बैठका नव्या टाकल्या आणि तारेचे टोक खालच्या बैठकीच्या खाचेत बसल्याचे बॅटरीच्या उजेडात मला दाखवले.

यानंतर जे झाले ते या सगळ्या कामाचे मर्म आहे असे मी मानतो. मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असतो. आतली लोखंडी नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि चाक वर-खाली होताना मधले रबर पिळले जाऊन हालचाल देते. गाडी उचललेली आणि चाक लटकलेले असताना हा बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची ‘सरळ’ स्थिती लटकलेल्या चाकाची ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ पडतो आणि ते काही महिन्यांत फाटते. आमच्या मागच्या दोन्ही शॉकअपचे बुश कडेला फाटू लागले होते, शॉकअप मात्र ठणठणीत होते. मिस्त्रींच्या शब्दांत, “चाक लटकलं असताना नट कसला त बुश जन्मभर पिळलेलाच राह्यते.” म्हणून त्यांनी नवे बुश दाबून बसवले आणि बोल्ट फक्त हाताने लावले. गाडी चाकांवर उतरवली, मागे-पुढे ढकलून आणि दोन-चार वेळा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू दिले आणि मग गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात उतरून, चाके जमिनीवर असतानाच, टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने) शेवटचे आवळले. पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या भागाचे) बुश त्यांनी सोडले नव्हते, तरी तेही तपासले. खड्डा नसेल तर रॅम्पवर गाडी चढवून किंवा बीमखाली जॅक लावून चाकावर गाडीचे वजन आणूनही हे करता येते. कामाच्या वेळी शेजारी उभे राहून एवढी एकच गोष्ट पाहिली तरी कारागीर कोणत्या दर्जाचा आहे ते कळते.

डावीकडच्या ओढीचे कारण अलाइनमेंटमध्ये होते. स्ट्रट आणि चाकाचे नकल (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) दोन बोल्टांनी जोडलेले असते आणि त्या भोकांत थोडी ढिलाई असते. स्ट्रट काढून पुन्हा लावला की चाकाचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल) किंचित बदलतो आणि त्याबरोबर टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असणे) देखील. दोन्ही बाजूंचा कॅम्बर वेगळा राहिला तर गाडी ओढते, टो चुकला तर टायर कडेने करवतीसारखे झिजतात. आधीच्या दुकानाने अलाइनमेंट केलेच नव्हते. येथे बोल्ट सोडण्याआधी रंगाच्या रेघांनी खुणा केल्या होत्या, तरीही आधीच चुकलेल्या जागेची खूण करून उपयोग नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि यवतमाळला संगणकीय अलाइनमेंट करून आणायला लावले. निघालेला कागद त्यांना परत आणून दाखवावा, असेही बजावले. कागद पाहून त्यांनी डाव्या बाजूचा कॅम्बर मर्यादेत आल्याची खात्री केली आणि सर्व नट पुन्हा एकदा तपासले.

सुटे भाग घेताना लक्षात ठेवण्यासारखे बरेच आहे. ‘एर्टिगाचा स्ट्रट द्या’ एवढे सांगून भागत नाही. पिढी कोणती, पेट्रोल की डिझेल, एबीएस आहे की नाही, हे सांगून भाग क्रमांक जुळवावा. डिझेलचे इंजिन जड असल्याने पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, तसेच लिंक रॉडचा कंस किंवा वायरच्या क्लिपची जागा वेगळी निघाली तर कारागीर ठोकून-वाकवून बसवतो आणि मग आवाजाला सुरुवात होते. डावा आणि उजवा स्ट्रट वेगळे असतात, डब्यावरील अक्षर पाहूनच घ्यावेत. जुना आणि नवा भाग शेजारी शेजारी उभे करून लांबी, वाटीची उंची आणि कंसांची जागा ताडून पाहिल्याशिवाय गाडी उघडू देऊ नये, कारण एकदा गाडी घोड्यांवर चढली की तालुक्याच्या गावी बदली माल मिळेपर्यंत ती तशीच राहते. पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्के झाला आहे, तेव्हा २८ टक्क्यांच्या जुन्या हिशेबाने कोणी किंमत सांगत असेल तर विचारावे. बिल नसेल तर वॉरंटीचा दावाही करता येत नाही आणि नकली मालाचा संशय आल्यास हाती काहीच राहत नाही.

या गॅरेजच्या उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. एका वेळी एकच गाडी घेतात, त्यामुळे सकाळी लवकर गेले नाही तर नंबर लागत नाही. फोनवर वेळ ठरवून मिळत नाही. सुटे भाग ग्राहकानेच आणायचे असतात. मजुरी शहरातील दुकानापेक्षा थोडी जास्त आहे आणि तिची छापील पावती मिळत नाही, हाताने लिहिलेला कागद मिळतो. बसायला एक बाकडे आहे, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर दुपारी तेथे थांबणे वृद्धांना आणि लहान मुलांना त्रासाचे होईल. आधीच्या कामाविषयी बोलताना त्यांनी त्या कारागिराला एक शब्दही वाईट म्हटले नाही, फक्त काय राहिले ते दाखवले, ही गोष्ट मला त्यांच्या कसबाइतकीच मोलाची वाटली.

काम झाल्यावर गाडी तीन प्रकारच्या रस्त्यांवर पाहिली. पांदणीवर पुढून येणारे दोन्ही आवाज पूर्ण गेले आहेत. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होते, जे जाम बेअरिंगमुळे पूर्वी होत नव्हते. दारव्हा-यवतमाळ रस्त्याच्या खचलेल्या भागात गाडी एकदा दबते, एकदा उठते आणि थांबते. कारंजा लाड येथून समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, मर्यादेच्या आत पण वेगात चालवताना मागचा भाग पुलांच्या जोडांवरून जाताना उसळत नाही आणि स्टिअरिंग सैल धरले तरी गाडी आपली ओळ सोडत नाही. सातही माणसे बसल्यावर मागचा भाग ‘हेवी’ स्प्रिंगांच्या मानाने खाली बसतो, हे खरे आहे. तेव्हा गावातील उंच गतिरोधकांवरून तिरके आणि सावकाश जावे लागते. रात्री भरलेल्या गाडीचे हेडलाइट वर जातात म्हणून डॅशबोर्डवरची चकती एक-दोन घरे खाली करावी लागते. ही तडजोड मला मान्य आहे.

काम करून घ्यायचे असेल त्यांनी कापसाची वेचणी सुरू होण्याआधी जावे. एकदा शेतमालाच्या गाड्या धावू लागल्या की मिस्त्रींकडे पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग लागते आणि घरच्या मोटारीला त्या दिवसांत ते सरळ नकार देतात. जाताना जुने भाग, नव्या भागांचे डबे आणि बिल हे सगळे बरोबर न्यावे, कारण ते पाहिल्याशिवाय ते गाडी उघडत नाहीत.